वीज परत आल्यावर यंत्राला काय आठवतें ?



गोदावरीच्या तीरावर, राहाता तालुक्यांत पुणतांबा हें गांव आहे. तेथें योगी चांगदेवांची समाधि आहे, आणि चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची कथा महाराष्ट्रांत लहानथोरांस ठाऊक आहे. ज्ञानेश्वर वयानें लहान, पण अधिकारानें मोठे. त्यांस आशीर्वाद लिहावा कीं नमस्कार, हें ठरेना म्हणून चांगदेवांनीं कोराच कागद धाडला आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, अशी ती आख्यायिका. आजचा विषय यंत्रांच्या स्मरणाचा आहे. परंतु कोऱ्या कागदाचा प्रश्न तेथेंहि उपस्थित होतो. वीज गेली आणि परत आली, म्हणजे यंत्राची स्मृति कोरी असते काय ? पुष्कळांची समजूत तशी आहे. ती बरोबर नाहीं. आणि तिच्यावर विसंबून राहिल्यास प्रसंगीं जिवावर बेततें.

प्रथम विहिरीवरच्या मोटरीचा साधा स्टार्टर घेऊं. हिरवें बटण दाबलें कीं आंतील गुंडाळींतून प्रवाह जातो, तिचें लोहचुंबक बनतें, संपर्क ओढले जातात आणि मोटर चालूं होते. बोट उचलल्यावरहि ती थांबत नाहीं; कारण ओढल्या गेलेल्या संपर्कांपैकीं एक लहानसा संपर्क त्याच गुंडाळीला प्रवाह पुरवीत राहतो. "मला चालूं राहावयास सांगितलें आहे" एवढी एक गोष्ट स्टार्टर अशा रीतीनें लक्षांत ठेवतो. लाल बटण हा प्रवाह तोडतें. वीज गेली तरी परिणाम तोच. चुंबकत्व नाहींसें होतें आणि स्प्रिंग संपर्कांना मागें ढकलते. म्हणून वीज परत येते तेव्हां स्टार्टर बंद असतो, हें निश्चित. त्याच्या दोन अवस्था समान योग्यतेच्या नाहींत. बंद अवस्थेला स्प्रिंगचा पाठिंबा आहे, चालूं अवस्थेला केवळ विजेचा.

आतां गणकयंत्रांतील स्मरणघटक पाहा. त्याला फ्लिप-फ्लॉप म्हणतात. १९१८ सालीं इंग्लंडांत एक्लिस व जॉर्डन या दोघांनीं दोन व्हॉल्व एकमेकांशीं जोडून त्याचा मूळ नमुना सिद्ध केला. व्हॉल्वांची जागा पुढें ट्रँझिस्टरांनीं घेतली, तत्त्व तेंच राहिलें. कल्पना अशी करावी कीं, दोन उलटे बोलणारे गृहस्थ समोरासमोर बसले आहेत. पहिला "होय" म्हणाला कीं दुसरा "नाहीं" म्हणतो. आणि दुसरा "नाहीं" म्हणतो म्हणून पहिला आपलें "होय" सोडीत नाहीं. भूमिकांची अदलाबदल केली तरी हा संवाद तितकाच टिकाऊ असतो. या दोन अवस्थांनाच एक आणि शून्य अशीं नांवें आहेत. येथें स्प्रिंग नाहीं. कोणत्याहि एका बाजूला जन्मजात पाठिंबा नाहीं.

मग वीज येते त्या क्षणीं काय होतें ? दाब शून्यापासून चढूं लागतो. प्रारंभीं दोन्ही बाजू दुर्बल असतात, आणि कोणीच कोणास दाबूं शकत नाहीं. दाब पुरेसा चढला कीं दोघांची झुंज सुरू होते. कौलारू घराच्या आढ्यावर टाकलेला हरभरा आढ्यावर टिकत नाहीं. तो एका पाखीवरून घरंगळतोच. कोणत्या, हें मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतें. एक, आढ्याचा मूळचा कल. म्हणजे दोन ट्रँझिस्टरांच्या घडणींत राहून गेलेला सूक्ष्म फरक. दुसरी, वाऱ्याची झुळूक. म्हणजे उष्णतेमुळें विद्युत्कणांत सदैव चालणारी खळबळ. कल मोठा असेल तर हरभरा दर वेळीं एकाच बाजूस पडतो. कल नगण्य असेल तर आज इकडे, उद्यां तिकडे. दाब किती वेगानें चढला, हवा किती थंड आहे, यांचाहि परिणाम होतो. वीज क्षणभरच गेली असेल तर जुन्या विद्युद्भाराचा अवशेष राहतो आणि मागचीच अवस्था परत येऊं शकते.

सारांश, ही स्मृति कोऱ्या कागदासारखी नसते. शून्य म्हणजे रिकामी जागा नव्हे. शून्य हेंहि एक अक्षरच आहे. कोणी न लिहिलेला मजकूर तेथें उमटलेला असतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००७ सालीं असें दाखविलें कीं, एका स्मृतिचिपेंत वीज येतांच उमटणारी शून्य-एकांची नक्षी बव्हंशीं तीच तीच येते, आणि दुसऱ्या चिपेची नक्षी वेगळी असते. म्हणून तिचा बोटांच्या ठशासारखा उपयोग होतो.

सर्वच स्मृति अशा नसतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या गणकयंत्राची मुख्य स्मृति चुंबकीय कड्यांची होती. अशी कडी वीज गेल्यावरहि आपलें चुंबकत्व धरून ठेवते. एकूण तीन स्वभाव झाले : कडी विसरत नाहीं, स्टार्टर विसरतो, पण ठरलेल्या अवस्थेला येतो, फ्लिप-फ्लॉप विसरतो आणि मनचें कांहीं तरी सांगूं लागतो.

यांतून अनर्थ कसा ओढवतो, हें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. शेतांत ठिबकाचे चार व्हॉल्व आहेत. दर अर्ध्या तासानें एक बंद होऊन पुढचा उघडावा, म्हणून चार फ्लिप-फ्लॉपांचें कडें केलें आहे. त्यांत एकच "एक" फिरत राहतो, आणि तो जेथें असेल तो व्हॉल्व उघडा. चार घटकांच्या एकूण अवस्था सोळा. त्यांपैकीं योग्य चारच. वीज येतांच चारी घटक शून्य झाले, तर शून्येंच फिरत राहतील, एकहि व्हॉल्व उघडणार नाहीं, आणि पंप बंद नळ्यांवर दाब देत राहील. दोन "एक" उमटले, तर दोन व्हॉल्व कायम उघडे राहून कोणत्याच वाफ्याला पुरेसें पाणी मिळणार नाहीं. हा दोष आपोआप सुधारत नाहीं. कडें आहे तेंच पुढें सरकवितें. शिवाय कारखान्यांतील परीक्षेंत तो दिसेलच असें नाहीं. तेथील चिपेचा कल योग्य बाजूला असेल तर शंभर वेळां यंत्र नीट चालेल, आणि त्याच बनावटीचें दुसरें यंत्र माघांतल्या थंड रात्रीं फसेल.

याला उपाय म्हणजे रीसेट. प्रत्येक महत्त्वाच्या फ्लिप-फ्लॉपला एक जादा तार असते. ती दाबून धरली कीं त्याला ठरलेल्या अवस्थेंत यावेंच लागतें. ही तार वीज येतांच आपोआप दाबली जावी आणि सर्व कांहीं स्थिर झाल्यावर सुटावी, एवढीच योजना करावयाची. सर्वांत साधी योजना एक रेझिस्टर व एक कपॅसिटर यांची. १०,००० ओहमांचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला, तर त्यांचा गुणाकार एक दशांश सेकंद होतो. तेवढ्या वेळांत कपॅसिटर पूर्ण दाबाच्या सुमारें ६३ टक्क्यांपर्यंत भरतो. तो पुरेसा भरेपर्यंत रीसेट दाबलेला राहतो. मात्र वीज क्षणभरच दबली, तर कपॅसिटर रिकामा होत नाहीं आणि रीसेट घडत नाहीं. म्हणून त्याला झटकन रिकामा करणारा डायोड जोडतात, किंवा दाबावर सतत नजर ठेवणारी वेगळी चिप बसवितात. रीसेट सुटतांनाहि सर्व घटक घड्याळाच्या एकाच ठोक्यास सुटले पाहिजेत. नाहीं तर एक पुढें धांवतो आणि दुसरा जागींच राहतो. जी विस्तीर्ण स्मृति वाचण्यापूर्वीं लिहिलीच जाते, तिला मात्र रीसेट लागत नाहीं.

परंतु ठरलेली अवस्था कोणती असावी ? हा प्रश्न केवळ गणिताचा नाहीं. पुणतांबा हें दौंड-मनमाड मार्गावरील स्थानक. २००९ सालापासून तेथूनच शिर्डीची शाखा फुटते. अशा फांट्यांच्या लोहमार्गावर एखादा भाग मोकळा आहे कीं व्यापलेला, हें ओळखण्यासाठीं पुष्कळ ठिकाणीं आंस मोजणारें यंत्र वापरतात. आंत किती आंस गेले आणि बाहेर किती आले, हा हिशेब तें लक्षांत ठेवतें. वीज जाऊन हिशेब पुसला गेला, तर त्यानें "शून्य आंस, मार्ग मोकळा" असें समजावें काय ? तसें समजल्यास उभ्या गाडीवर दुसरी गाडी येईल. म्हणून तें यंत्र जागें होतांच भाग व्यापलेलाच दाखवितें, आणि मार्ग खरोखर मोकळा आहे अशी खात्री झाल्यावरच त्याला पूर्ववत् करतात. गाड्या खोळंबतात, पण माणसें वांचतात. ठाऊक नसेल तेव्हां धोका गृहीत धरावा, हें यांतील सूत्र होय.

हेंच सूत्र आपण शेतांत मोडतों. वीज पाळीपाळीनें, पुष्कळदां रात्रीं अपरात्रीं येते, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावतो. त्याची अडचण खरी आहे. परंतु त्यामुळें वीज येतांच शेंकडों मोटरी एकदम उठतात. थेट सुरू होणारी मोटर त्या क्षणीं नेहमींच्या पांच ते सात पट प्रवाह ओढते, आणि रोहित्र जळतें. म्हणूनच हे स्विच काढावेत असें आवाहन महावितरण वारंवार करीत आलें आहे. त्याहून वाईट म्हणजे, वीज नाहीं म्हणून कोणी मोटरींत हात घातलेला असेल, तर त्याला पूर्वसूचना मिळत नाहीं. दुरुस्तीपूर्वीं मुख्य स्विच स्वतः खालीं ओढावा. अंधाराला सुरक्षितता समजूं नये.

विजेवर चालणारें कोणतेंहि स्वयंचलित यंत्र घेतांना एक परीक्षा अवश्य करावी. तें चालूं असतां वीज एकदां एक सेकंद, एकदां दहा सेकंद आणि एकदां रात्रभर बंद ठेवावी, आणि प्रत्येक वेळीं तें कोणत्या अवस्थेंत उठतें तें पाहावें. तिन्ही वेळां तें एकाच आणि निर्धोक अवस्थेंत उठलें, तर करणाऱ्यानें विचार केला आहे असें समजण्यास जागा आहे. तसें नसेल, तर तें यंत्र मालकाच्या गैरहजेरींत चालूं ठेवूं नये.