पीजीच्या प्रवेशात घरच्यांचे काम

एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप संपली की पदव्युत्तर प्रवेशाचा, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या ‘पीजी’चा टप्पा येतो. तोवर मुलगा किंवा मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची झालेली असते आणि नावाआधी डॉक्टर लागलेले असते. तरीही हा प्रवेश एकट्याने पार पाडणारे थोडेच. भोर तालुक्यातल्या शिवऱ्यासारख्या महामार्गालगतच्या गावात घरातला तो पहिलाच डॉक्टर असेल, तर अभ्यास सोडून बाकीचे बरेचसे आईवडिलांच्या वाट्याला येते: कागद, पैसे, हेलपाटे आणि वाट पाहणे.

वाट पाहण्याची सुरुवात परीक्षेपासूनच होते. नीट-पीजीत 200 प्रश्न आणि 800 गुण. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. पेपरचे स्वरूप ठरलेले, तारखेचा मात्र भरवसा नाही. 2024 मध्ये 23 जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि 11 ऑगस्टला दोन सत्रांत झाली. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एकाच सत्रात घ्या असे बजावल्यामुळे 15 जूनची परीक्षा 3 ऑगस्टवर गेली. 2021 च्या तुकडीने सप्टेंबरात पेपर दिला, पण आरक्षणाचा वाद कोर्टात अडकल्याने प्रवेशफेऱ्या जानेवारी 2022 मध्ये सुरू झाल्या. अशा काळात ‘अजून शिकतोच आहे का?’ हा पाहुण्यांचा प्रश्न दारातच परतवणे, हेही घरच्यांचे एक कामच.

निकालानंतर दरवाजे दोन. सरकारी महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून केंद्राची एमसीसी ही समिती भरते, उरलेल्या निम्म्या राज्याचा सीईटी कक्ष. अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या जागा एमसीसीकडे, खासगी महाविद्यालयांच्या राज्याकडे. शिवऱ्याहून पुण्याकडे निघाले की कात्रजच्या पुढे भारती विद्यापीठ लागते, बाह्यवळणाने गेले तर नऱ्ह्याला काशीबाई नवले महाविद्यालय आणि शहरात स्टेशनजवळ ससूनचे बी. जे. अंतर तासा-दीड तासाचे. पण पहिले अभिमत, दुसरे खासगी आणि तिसरे सरकारी, त्यामुळे नोंदणी वेगळी आणि शुल्कात जमीन-अस्मानाचा फरक. एमसीसीकडे खुल्या प्रवर्गाची अनामत 25,000 रुपये, अभिमतसाठी मात्र 2 लाख.

कागदांची बाजू खरोखर घरच्यांची, कारण बहुतेक दाखले त्यांच्याच उत्पन्नावर आणि जमिनीवर बेतलेले असतात. घोळ इथेच होतो. ओबीसी विद्यार्थ्याला राज्यासाठी एका नमुन्यातले आणि केंद्रासाठी दुसऱ्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही वेगळे पाहावे लागते. मराठा विद्यार्थ्याला राज्यात 2024 च्या कायद्याने एसईबीसी प्रवर्ग मिळतो, पण एमसीसीच्या अर्जात असा प्रवर्गच नाही. तिथे खुला किंवा बसत असल्यास ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटक. नॉन-क्रिमीलेअरच्या उत्पन्नाच्या कसोटीत पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, ईडब्ल्यूएसच्या आठ लाखांत मात्र शेतीसह सगळे धरतात. शिवाय केंद्राच्या नियमाने कुटुंबाची शेतजमीन पाच एकर किंवा त्याहून अधिक असेल तर ईडब्ल्यूएस नाहीच, मग ती डोंगरउताराची वरकस असली तरी. म्हणून भोरच्या तहसील कचेरीत अर्ज करण्याआधी आठ-अ चा उतारा समोर ठेवून बेरीज करावी. ही कामे निकालाआधीच उरकलेली बरी. फेरी सुरू झाल्यावर हाती दिवस मोजकेच असतात आणि त्यात शनिवार-रविवार आला की संपलेच.

यानंतरचा टप्पा पसंतीक्रम भरण्याचा, म्हणजे चॉइस फिलिंगचा, आणि घरात सर्वांत जास्त वाद याच टप्प्यावर होतात. पडद्यावर महाविद्यालय आणि शाखा यांची जोडी असलेल्या शेकडो ओळी दिसतात. त्यातल्या निवडून वरखाली करायच्या आणि मुदतीआधी लॉक करायच्या. वडिलांचा आग्रह बहुधा असा: गेल्या वर्षीच्या कटऑफमध्ये जे बसते तेच वर टाक, मेडिसिन-रेडिओलॉजी टाकून जागा वाया घालवू नकोस. हा हिशेब चुकीचा आहे. संगणक गुणवत्ताक्रमाने एकेका उमेदवाराकडे येतो आणि त्याच्या यादीत वरून खाली जात पहिली मोकळी जागा देतो. वरची न मिळणारी ओळ खालच्या ओळीचे काहीही बिघडवत नाही. उलट आवडती शाखा खाली लिहिली, तर ती मोकळी असूनही वरची नावडती पदरात पडते. अमेरिकेतल्या ‘मॅच’मध्ये, म्हणजे तिथल्या निवासी डॉक्टरांच्या जागावाटपात, मुलाखती होतात आणि रुग्णालयेही आपली यादी देतात, पण उमेदवाराने खऱ्या आवडीचाच क्रम लिहावा, हे तिथेही खरे. अशा जुळणीच्या अभ्यासासाठी ॲल्विन रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

मात्र जिथे जायचेच नाही ती ओळ यादीत नको. एमसीसीच्या पहिल्या फेरीत मिळालेली जागा नाकारता येते. दुसऱ्या फेरीत नाकारली तर अनामत जप्त, आणि शेवटच्या स्ट्रे फेरीत नाकारली तर अनामतीबरोबर पुढच्या नीट-पीजीवरही बंदी. बेटरमेंटचेही, म्हणजे पुढच्या फेरीत अधिक चांगली जागा मागण्याचेही, तसेच: नवी जागा मिळाली की हातातली आपोआप जाते, परत मागता येत नाही. तेव्हा पुढच्या फेरीसाठी फक्त हातातल्या जागेहून खरोखर चांगल्या वाटणाऱ्याच ओळी भराव्यात. राज्याच्या फेऱ्यांचे नियम वेगळे असतात आणि दरवर्षी थोडे बदलतात. ते माहितीपुस्तिकेतूनच वाचावेत. व्हॉट्सॲपवरचे ‘काउन्सेलर’ पैसे घेतात, जबाबदारी घेत नाहीत.

शाखा कोणती, हा निर्णय मात्र ज्याला तीन वर्षे रात्रपाळ्या करायच्या त्याचाच. भोरला स्वतःचा दवाखाना निघावा, ही घरच्यांची इच्छा समजण्यासारखी आहे, पण तिच्यापायी शरीररचनाशास्त्र आवडणाऱ्याला शस्त्रक्रियेकडे ढकलण्यात अर्थ नाही. घरच्यांनी बोलावे ते पैशाबद्दल आणि स्पष्ट आकड्यात: दरवर्षी इतके देता येतील, कर्ज इतपत झेपेल. हा आकडा यादी लॉक होण्याआधी कळला तर उपयोग; एरवी शुल्क न परवडणाऱ्या ओळी यादीत राहून जातात.

जागा पक्की झाली की रिपोर्टिंग. मूळ कागदपत्रे महाविद्यालयात जमा होतात, म्हणून त्याआधी प्रत्येकाची स्कॅन प्रत आणि साक्षांकित झेरॉक्स काढून ठेवावी. बंधपत्रही याच वेळी लिहून द्यावे लागते: जागा मध्येच सोडली तर किती भरायचे आणि सरकारी महाविद्यालयातून शिकल्यावर एक वर्ष शासकीय सेवा. महाराष्ट्रात ही पदव्युत्तर सेवा टाळल्याचा दंड 50 लाख रुपये ठेवलेला आहे. जामीनदार म्हणून सही घरच्यांपैकीच कोणाची तरी होते, आणि ती करण्याआधी रक्कम, मुदत आणि सूट मिळण्याच्या अटी ही तीन कलमे वाचायला दहा मिनिटे लागतात.