चळवळीचे जाहीर व्याख्यान कसे भरवावे?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत व्याख्यान समितीनेही चार शब्द लिहावेत, अशी संपादकांची सूचना झाली. या समितीचे काम ते काय, असे वरवर पाहणारास वाटेल. सतरंज्या अंथरल्या, लाऊडस्पीकर लावला, पाहुण्यांस हार घातला की झाले! एरवीच्या व्याख्यानास तेवढे एक वेळ पुरतेही. परंतु चालू चळवळीविषयीच्या व्याख्यानास ते पुरत नाही. हे आम्ही चूक करून शिकलो. तोच अनुभव वाचकांपुढे ठेवीत आहोत.

व्याख्यानांची गोडी इंदुरास जुनीच आहे. अभ्यास मंडळाची उन्हाळी व्याख्यानमाला सर्वांस ठाऊक आहे. चळवळीचेही या शहरास वावडे नाही. ५ जुलै ते २३ ऑगस्ट १९७० या दिवसांत ‘नर्मदा लाओ’ आंदोलनाने सारे शहर एक केले, आणि १९७८ साली सुमारे ७० किलोमीटरांवरून, मंडलेश्वराजवळच्या जलूदहून, नर्मदेचे पाणी इंदुरात आले.

काही वर्षांपूर्वी नर्मदा बचाव आंदोलनाविषयी कृष्णपुऱ्यात व्याख्यान ठेवावे असे निघाले, तेव्हा हीच गोष्ट आडवी आली. “ज्या नदीचे पाणी आपण पितो, तिच्यावरील धरणाविरुद्ध सभा आपणच भरवावी काय?” असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. प्रश्न रास्त होता. वस्तुस्थिती अशी की, आपले पाणी जलूद येथे नदीतून उपसले जाते. सरदार सरोवर त्याच्या पुष्कळ खाली, गुजरातेत आहे. त्याचे पाणी मागे चढते ते आपल्या शेजारच्या बडवानी, धार व अलीराजपूर जिल्ह्यांतील गावांत. पाव हिश्शाहून अधिक जमीन गमावणाऱ्या खातेदारास निदान २ हेक्टर जमीन द्यावी, असे लवादाने १९७९ साली ठरविले होते. ते कितपत पाळले गेले, हाच वादाचा मुद्दा. १५ सप्टेंबर २०१९ रोजी धरण १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस प्रथमच भरले, तरी तो वाद मिटला नाही. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे मुख्य कार्यालय इंदुरातच असल्याने निमाडचे लोक गाऱ्हाणी घेऊन येतात तेही याच शहरात. त्यांचे ऐकून घेणे हा शेजारधर्म होय, असे बहुमताने ठरले.

सभा झाली, पण आमच्या हातून ती फसली. कोणी किती वेळ बोलावे हे आम्ही ठरवूनच दिले नव्हते. भाषण लांबले, आभार लांबले, दहाचा ठोका पडला आणि लाऊडस्पीकर बंद करावा लागला. निमाडातून मुद्दाम आलेली एक शेतकरी बाई न बोलताच बस गाठावयास निघून गेली. ते ज्येष्ठ सभासदही तसेच उठले. टाळ्या पुष्कळ झाल्या. पण त्या, ज्यांना आधीच पटले होते त्यांच्या. ज्यास पटलेले नाही त्याच्यासाठीच अशी सभा असते, हे त्या रात्री उमगले. तेव्हापासून पुढील गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो.

पहिली गोष्ट विषयाची. हस्तपत्रकावर घोषणा छापू नये, प्रश्न छापावा. ‘पुनर्वसन : काय ठरले, काय झाले?’ असे वाचून विरोधकही येतो.

दुसरी वेळेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. म्हणून साडेसहास आरंभ. मुख्य भाषण ४० मिनिटे, ज्यांवर प्रसंग गुदरला त्यांस २०, प्रश्नोत्तरांस ४५, अध्यक्षांस ५. साडेआठपूर्वी सर्व आटोपते व बाहेरगावच्यांस बस मिळते. निमाडची मंडळी बोलणार असतील तर सभा हिंदीत घ्यावी. आपल्या मराठी श्रोत्यांची त्यास हरकत नसते.

तिसरी प्रश्नांची. दारातच कोऱ्या चिठ्ठ्या व पेन्सिली ठेवाव्यात. उभे राहून बोलण्यास भिणारेही लिहून विचारतात. विरोधी प्रश्न आधी वाचावेत. अध्यक्ष चळवळीतील नसावेत, आणि निवडणुकीस उभे राहणारे तर मुळीच नसावेत.

चौथी पैशाची. आपला ट्रस्ट सार्वजनिक न्यास आहे. त्याचा पैसा न्यासपत्रातील उद्देशांसाठीच. व्याख्यानाचा खर्च लोकशिक्षणाच्या खात्यावर टाकावा. चळवळीस मदत द्यावयाची तर ती ज्याने त्याने आपल्या खिशातून, त्यांच्याच पावतीवर द्यावी. दोन पेट्या कधी एक करू नयेत.

शेवटची जागेची. राजवाड्याकडून कृष्णपुऱ्याच्या पुलावर येणारी वर्दळ अडेल असा मंडप घालू नये, आणि पोलिसांकडे लेखी अर्ज आठ दिवस आधी द्यावा.

पुढील सभेस ती बाई पुन्हा आली. ज्येष्ठ सभासदांचा तोच प्रश्न चिठ्ठीवरून वाचला गेला. ती म्हणाली, “पाणी तुम्ही खुशाल प्या, त्याला आमची ना नाही. आमच्या जमिनीचे काय झाले, एवढे मात्र विचारीत जा.” आंदोलनाची सर्व मते त्या सभासदांस आजही मान्य नाहीत. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक सभेच्या चिठ्ठ्या तेच घरी बसून कापून आणतात.

वाचकांनीही पुढील सभेस यावे व आपला प्रश्न बरोबर आणावा, अशी विनंती आहे.