पंचवीस, एकवीस की अठरा?

भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवरील एखाद्या इमारतीत आजोबा सूर्यास्तापूर्वी चोविहार करून सामायिकाला बसतात. त्याच घरातला सतरा वर्षांचा नातू मित्राच्या वाढदिवसाहून रात्री अकराला परततो. त्याने तिथे काय घेतले, हे विचारण्याचे धाडस घरात कोणी करीत नाही. ‘आपल्या घरात हा विषय नाही’ असे म्हणून दिवा मालवला जातो.

विषय मात्र आहे, आणि कायद्यालाही तो नीट हाताळता आलेला नाही. महाराष्ट्रात व्हिस्की, रमसारख्या कडक मद्यासाठी वयाची अट 25 वर्षे आणि बिअरसाठी 21. मुळात 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य घेताच येत नाही. योगायोग असा की, आचार्य तुलसींचे अणुव्रत आंदोलनही 1949 चेच. कायद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो आणि त्यावर कारण लिहिलेले असते ‘आरोग्यरक्षण’! विनोदासाठी एवढे पुरे.

2011 मध्ये राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणात 25 वर्षांच्या अटीचा पुनरुच्चार झाला, तेव्हा अभिनेता इम्रान खान यांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. अठराव्या वर्षी मतदान करणारा तरुण स्वतःच्या पेल्याबाबत अज्ञान कसा, हा या बाजूचा प्रश्न. तो उडवून लावण्याजोगा नाही. गोव्यात वयाची अट अठराच आहे. दिल्लीने 2021 मध्ये ती 25 वरून 21 वर आणण्याचे जाहीर केले, पण पुढच्याच वर्षी ते मद्यधोरणच मागे घेतले गेले. कर्नाटकात 2023 च्या प्रारंभी 21 चे 18 करण्याचा मसुदा निघाला आणि हरकती येताच परत गेला. अमेरिकेतील अनेक राज्यांनी 1970 च्या दशकात वयोमर्यादा खाली आणली होती. रस्त्यांवरील तरुणांचे मृत्यू पाहून 1984 मध्ये तेथील केंद्र सरकारने महामार्ग निधीला कात्री लावण्याचा धाक दाखवला आणि राज्यांना पुन्हा 21 वर आणले.

पण 19 मे 2024 च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात जे घडले, त्याला यांपैकी कोणताही आकडा लागू पडत नाही. भरधाव पोर्श मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. चालक सतरा वर्षांचा होता, म्हणजे अठराची मर्यादा असती तरीही अपात्रच. त्या रात्री एकाच ठिकाणी 48,000 रुपयांचे बिल झाल्याचे पोलीस आयुक्तांनी सांगितले. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेल्या जामिनाने देश संतापला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांसह पालकही अटकेत गेले. व्यापारी कुटुंबांनी थांबून पाहावे असे हे प्रकरण आहे. मोटार घरची होती, पैसा घरचा होता, आणि आरोप खरा ठरल्यास सावरासावरही घरचीच.

अल्पवयीनाच्या हाती वाहन गेले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. मुलाला मद्य देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. फार्महाउसवरील लग्नाच्या संगीतात ‘थोडी बिअर चालते’ म्हणणाऱ्या काकांनाही हे कलम लागू होते, याची कल्पना किती घरांत असेल?

सात व्यसनांत मद्य मोजणाऱ्या परंपरेला वयोमर्यादेच्या वादाचे फारसे सोयरसुतक नाही. मात्र त्याच परंपरेने श्रावकाला वर्ज्य ठरवलेल्या पंधरा कर्मादानांत ‘रसवाणिज्य’, म्हणजे मद्यादी रसांचा व्यापारही येतो. पाठशाळेतील मूल हा शब्द पाठ करते. गाळ्याचा भाडेकरार करताना तो कोणाला आठवत नाही, कारण बिअर शॉपचे भाडे वेळेवर येते.

मार्च 2025 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले की, गृहनिर्माण संस्थेच्या आवारात नवे मद्यविक्रीचे दुकान काढायचे, तर संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. म्हणजे हा प्रश्न आता इमारतीच्या सर्वसाधारण सभेत येणार. तिथे हात वर करणारा गाळ्याचा मालक आणि रात्री अकराला दार उघडणारा बाप, हा बहुधा एकच माणूस असेल.