मन जपा, बायांनो!

 

आजचा विषय आहे, मनाची राखण. पवित्र शास्त्रात नीतिसूत्रे नावाचं पुस्तक आहे. त्याच्या चौथ्या अध्यायातलं तेविसावं वचन सांगतं की सगळ्यात आधी मन सांभाळावं, कारण जगण्याचा झरा तिथूनच वाहतो. शास्त्रात मन म्हणजे नुसती माया किंवा भावना नव्हे. विचार करायची आणि निर्णय घ्यायची जागा म्हणजे मन. ती जागा दुसऱ्याच्या ताब्यात गेली, की बाई घरात असूनही स्वतःची राहत नाही.

मन राखायचं म्हणजे कुणावर माया करायची नाही, असं नाही. घराला दार असतं ते माणसं आत यावीत म्हणून, आणि कडी असते ती कुणाला घ्यायचं हे आपण ठरवावं म्हणून.

घातक नातं ओळखायचं कसं? सायखेडा-चांदोरीच्या बायांना पूर शिकवावा लागत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण गंगेकडे बघत राहतो. पाणी एकदम घरात येत नाही, पायरी पायरीने चढतं. शहाणी बाई उंबऱ्याला पाणी लागायच्या आधीच धान्याची पोती माळ्यावर टाकते. नात्याचंही तसंच. पहिली पायरी गोड असते : ‘तू फक्त माझ्याशीच बोल.’ मग मोबाईल तपासणं येतं. मग माहेर तुटतं, मैत्रिणी तुटतात. गटाचं कर्ज तिच्या नावावर आणि पैसा त्याच्या खिशात. चारचौघांत पाणउतारा. शेवटी हात उठतो, आणि दुसऱ्या दिवशी रडून माफी. हे करणारा नवराच असतो असं नाही. सासू, दीर, लग्नाचं आमिष दाखवणारा मुलगा, कधी जिवाभावाची म्हणवणारी मैत्रीणही असते.

आता ख्रिस्ती बाईला अडवणारा प्रश्न. ‘प्रभूने क्षमा करायला सांगितलंय, मग सोसायलाच हवं ना?’ याचं उत्तर दावीदाच्या गोष्टीत आहे. शौल राजाने दावीदावर भाला फेकला. दावीद भाला चुकवून निसटला, आणि त्याच रात्री त्याची बायको मीखल हिने त्याला खिडकीतून खाली सोडलं. पुढे शौल दोनदा दावीदाच्या तावडीत सापडला. दोन्ही वेळा दावीदाने सूड घेतला नाही. पण शौल ‘परत ये’ म्हणाला, तेव्हा दावीद त्याच्या वाड्यात परतला नाही, आपल्या वाटेने गेला. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणं. भाल्यासमोर पुन्हा जाऊन बसणं म्हणजे क्षमा नव्हे. क्षमा एकटीला करता येते. विश्वास मात्र समोरच्याने वागणूक बदलून पुन्हा कमवावा लागतो.

दुसरं अडवणारं वचन, बायकोने नवऱ्याच्या अधीन राहावं. ते इफिसकरांच्या पत्रात, पाचव्या अध्यायात आहे. पण त्याच्या आधीचं वचन सांगतं की सगळ्यांनी एकमेकांच्या अधीन असावं, आणि पुढे नवऱ्याला सांगितलंय की ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तशी बायकोवर प्रीती कर. मारहाणीची मुभा त्यात कुठेच नाही. अबीगईलचंही बघा. नवरा नाबाल उद्धट, त्याने दावीदाचा अपमान केला. चारशे माणसं तलवारी घेऊन निघाली. अबीगईलने नवऱ्याला न विचारता भाकरी, द्राक्षारस गाढवांवर लादला आणि सामोरी जाऊन घर वाचवलं. शास्त्राने तिला दोष दिला नाही, तिच्या शहाणपणाची वाखाणणी केली.

मग चांगलं नातं कसं असतं? आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरची लेक लक्ष्मीबाई टिळक. 1895 मध्ये नवरा नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. घरावर आभाळ कोसळलं. नातेवाईक एकीकडे ओढत होते, नवरा दुसरीकडे. काही वर्षं ती वेगळी राहिली. नंतर नवऱ्याकडे गेली, तरी घाईने धर्म बदलला नाही. स्वतःला पटलं तेव्हा, 1900 मध्ये, तिने बाप्तिस्मा घेतला. टिळकांचा तापट स्वभाव तिने ‘स्मृतिचित्रे’मध्ये लपवलेला नाही. पण तिचा निर्णय तिचाच राहिला. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ तिनेच पुरं केलं. निरोगी नात्यात मतभेद असतात, रागही असतो, पण ‘नाही’ म्हणायला आणि विचार करायला जागा असते. ‘नाही’ म्हणायची भीती वाटते, तिथे पाणी चढायला लागलंय असं समजा.

प्रार्थना करा, आणि प्रार्थनेबरोबर पाऊलही उचला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायांना लागू आहे. मारहाणच नव्हे, शिवीगाळ, मानसिक छळ, लैंगिक जबरदस्ती आणि पैसा अडवणं हीसुद्धा त्यात हिंसाच आहे. राहत्या घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश त्यातून मिळतो. त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. संरक्षण अधिकारी अर्ज करायला मदत करतात. ख्रिस्ती बायांना पूर्वी नुसत्या छळावरून घटस्फोट मिळत नसे. 2001 च्या दुरुस्तीनंतर मिळू शकतो. महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी 15100 वर विचारा. मदतीसाठी 181, जिवावर बेतलं तर 112, आणि लहान मुलीचा प्रश्न असेल तर 1098.

आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले आणि थोडे पैसे भरवशाच्या घरी ठेवा. मार लागला तर सरकारी दवाखान्यात जा, खरं कारण सांगा आणि कागद जपून ठेवा.

शेवटचं गटातल्या बहिणींसाठी. एखादी सलग दोन बैठकांना आली नाही, तर ‘हप्ता चुकला’ म्हणून वहीत नोंद करून थांबू नका. दोघी जणी तिच्या घरी जा. ती बोलली तर ‘तूच काहीतरी केलं असशील’ म्हणू नका. तिचं बोलणं दुसऱ्या दारी नेऊ नका. पाळकांनीही नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायच्या आधी तिला एकटीला विचारावं, ‘घरी गेल्यावर तुला भीती वाटते का?’ ती ‘हो’ म्हणाली, तर आधी तिचा जीव, मग समेट.