आभाळातून संत्र्याचा बगीचा कसा दिसतो?



आपल्या बगीच्यात आपण रोज जातो. पण खरं सांगा, कुठवर जातो? विहिरीपर्यंत, मोटारीच्या खोलीपर्यंत, फार तर पहिल्या चार ओळींपर्यंत. नाल्याकडचा कोपरा बघायचा राहूनच जातो. डिंक्या आणि मूळकूज बहुतेक वेळा अशाच कोपऱ्यातून सुरू होते, कारण पाणी तिथे साचते. पाने पिवळी पडून शेंडे वाळायला लागले म्हणजे आपल्या ध्यानात येते. तोवर खाली बरीच तंतुमुळे सडून गेलेली असतात. मग एखाद्या साली व्यापारी उभा बगीचा बघायला येतो आणि त्या दोन ओळी सोडूनच भाव सांगतो.

अशा कोपऱ्यावर नजर ठेवायला उपग्रहाची मदत होते. रेडिओवर आकडे ध्यानात राहत नाहीत, म्हणून ही माहिती छापून देत आहोत.

हिरवे पान सूर्याच्या उजेडातला तांबडा भाग खाऊन टाकते आणि अवरक्त नावाचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा भाग परत फेकते. पान अशक्त झाले, गळून विरळ झाले, की हे प्रमाण बिघडते. उपग्रहातला कॅमेरा दोन्ही भाग मोजतो व त्यांवरून एक आकडा काढला जातो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. ही युक्ती आपल्या देशात नवी नाही. 1970 च्या सुमारास केरळात नारळाच्या मूळरोगाने ग्रासलेल्या बागांचे फोटो शास्त्रज्ञ पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर घेतले गेले होते. 2014 मध्ये केंद्राच्या कृषी खात्याने इस्रोच्या मदतीने 'चमन' हा प्रकल्प सुरू केला, त्यात आंबा, केळीबरोबर लिंबूवर्गीय फळेही होती.

आज आपल्या उपयोगाचे म्हणजे युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह. सुमारे 786 किलोमीटर उंचीवरून ते दर पाच दिवसांनी आपल्या वावरावरून जातात, आणि त्यांची चित्रे फुकट आहेत. मोबाईलवर 'कोपर्निकस ब्राउझर' उघडायचे, आपले गाव शोधायचे, ढग नसलेली तारीख निवडायची. घरातला कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी हे दहा मिनिटांत करून देईल.

आता हे चित्र वाचायचे कसे? त्यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकरात असे चाळीस ठिपके. सहा मीटरवर लावलेल्या बगीच्यात एका ठिपक्यात जेमतेम तीन झाडे येतात. म्हणून एकटे झाड आजारी पडले तर ते उपग्रहाला कळणार नाही. चार-पाच गुंठ्यांचा पट्टा खालावला तर कळेल. आकडा किती, याची फार काळजी करू नका. कोणता पट्टा शेजारच्या पट्ट्यापेक्षा मागे पडला, आणि तोच पट्टा मागल्या साली याच पंधरवड्यात कसा होता, ते बघा. शेजाऱ्याच्या बगीच्याशी तुलना करून उपयोग नाही. त्याची जमीन वेगळी, झाडांचे वय वेगळे.

इथे पुष्कळ जण फसतात. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत किंवा मृगासाठी मे महिन्यात आपण ताण देतो. पाने मलूल होतात, काही गळतात. चित्रात सारा बगीचा खालावलेला दिसतो, पण तो रोग नव्हे, ते आपणच केलेले काम आहे! उलट ऑगस्टात ओळींमधल्या गवतामुळे रोगट पट्टाही हिरवागार दिसतो. आणि मुळे सडण्याचा खरा काळ पावसाळा, तेव्हाच ढगांमुळे चित्र मिळत नाही. म्हणून पाऊस उघडल्यावर, वखरणी झाली की एकदा बघा. आंबिया धरलेला असेल तर मार्चमध्ये, पाणी सुरू असताना आणि मधली जमीन उघडी असताना, पुन्हा बघा. माझ्या मते मार्चचे चित्र जास्त खरे बोलते.

चित्र फक्त जागा दाखवते, कारण सांगत नाही. मागे पडलेल्या पट्ट्यात ठिबकची नळी तुंबलेली असेल, खाली चुनखड असेल, काळ्या माशीमुळे कोळशी आली असेल किंवा मूळकूज असेल. तेव्हा कुदळ घेऊन तिथवर चालत जा. जमिनीलगत खोडावर डिंक आहे का, साल काळपट झाली का, ते पाहा. झाडाच्या घेराच्या कडेला अर्धा फूट खणा. तंतुमुळे चिमटीत धरून ओढा. साल सुटून आतला दोरा तेवढा हातात राहिला तर मूळकूज धरून चाला. अशा मुळांसह मातीचा नमुना नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दाखवा, आणि औषध त्यांच्या सल्ल्यानेच घ्या.

पाणी साचत असेल तर उताराच्या दिशेने चर काढून ते नाल्याला लावून द्या. आळे दुहेरी करा, म्हणजे पाणी खोडाला टेकणार नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत खोडाला बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडाचे नको. तयार मलमात लोखंडी सळई बुडवून पाहा. तिच्यावर तांबूस रंग चढला तर थोडा चुना वाढवा, आणि मलम त्याच दिवशी संपवा.