मोटारीला नंबर, कारभारणीला नाही

मंडळी, आज घरी गेल्यावर एक मोजणी करा. जनावरं मोजायची नाहीत की पोती मोजायची नाहीत. घरात सिमकार्डं किती, ती कुणाच्या खिशात, आणि कुणाच्या आधारला कुणाचा नंबर जोडलाय, एवढंच वहीच्या पाठच्या पानावर लिहून काढा. बांधावरची भांडणं बरी, असा गुंता हाती लागेल.

आमच्या घरची मोजणी आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला लाज वाटायला नको. माणसं आठ. आबा, मी, आमची कारभारीण, थोरला, सूनबाई, चाकणला कंपनीत असलेला धाकटा आणि दोन नातवंडं. सिमकार्डं सात. थोरल्याची दोन, धाकट्याची दोन, सुनेचं एक, माझं एक आणि सातवं विहिरीवरच्या मोटारीचं. होय, मोटारीचं! स्टार्टरमध्ये सिम बसवलंय. रात्री दोनला लाईट आली की अंथरुणातूनच फोन लावायचा, मोटार चालू. पहिल्या रिंगला फोन उचलणारं आमच्या घरात तेवढं एकच आहे. तिचा रिचार्ज संपला तर थोरला जेवण सोडून पळतो. आबांना आणि कारभारणीला मात्र नंबर नाही. त्यांना कशाला हवा, ती तर घरातच असतात, असा आमच्याकडं हिशेब.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय बिघडलं? सांगतो.

पूर्वी घरचा कारभारी ओळखायला वेळ लागायचा नाही. कोठीची किल्ली ज्याच्या करगोट्याला, तो कारभारी. पुढं रेडिओ आला, मग रेडिओचं बटण ज्याच्या हातात तो. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झालं, तेव्हा ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या शब्दाला आळीत वजन आलं. आमच्या आळीत टीव्ही होता तो माणूस ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि निवडूनही आला. रामाची कृपा, दुसरं काय!

मग मोबाईल. देशातला पहिला मोबाईल कॉल १९९५ च्या जुलैत झाला म्हणतात, पण आमच्याकडं तो पोहोचायला बरीच वर्षं गेली. सुरुवातीला आलेल्या फोनलासुद्धा पैसे पडायचे. ते बंद झाले तरी फोन उचलायचा नाही ही सवय काही गेली नाही. मिस्ड कॉलची तर एक भाषाच तयार झाली होती. एक रिंग म्हणजे चहा टाक. दोन म्हणजे पाणी दुसऱ्या वाफ्याला लाव. तीन म्हणजे पाव्हणे आलेत, घरी ये. एकदा आमच्या चुलत्यांनी तीन रिंगा दिल्या, सगळे कामधाम टाकून घरी. पाव्हणे कुठायत म्हणून विचारलं, तर म्हणाले, “न्हाई, चहाच पायजे होता, लवकर पायजे होता.”

तोवर सगळं गमतीचं होतं. मग सरकारी पैसा थेट खात्यात यायला लागला, आणि कारभारीपण किल्लीतून निघून सहा आकड्यांत जाऊन बसलं. ओटीपी!

आधार कार्डाची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, २०१० च्या सप्टेंबरात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. आमच्या शाळेत कॅम्प लागला तेव्हा सुगीचे दिवस. रांगेत उभं राहायला धाकटा तेवढा मोकळा होता, आणि त्याच्याकडं मोबाईल होता. त्यानं घरातल्या सगळ्यांना आपलाच नंबर लावून टाकला. त्या दिवशी ते शहाणपणाचंच वाटलं. आज तो चाकणला रात्रपाळी करतो आणि दिवसा फोन गप्प करून झोपतो. म्हणजे बघा, जमीन आबांच्या नावावर, कष्ट आमचे, आणि कारभारी चाकणच्या खोलीत घोरतोय.

पीएम किसानचे वर्षाला सहा हजार २०१९ पासून आले, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. पुढं ई-केवायसी आली. आबांना घेऊन केंद्रावर गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, उमटेना. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, तरी नाही. ज्या अंगठ्यानं साठ वर्षं विळा आणि कासरा धरला, त्याच्यावर रेघ राहील कुठली? पोरगा म्हणाला, “आजोबा, चेहऱ्यानं करू. मोबाईलकडं बघा, डोळे मिचकावा.” आबा खवळले. “ह्या वयात कुणाला डोळा मारू?” पाचव्या खेपेला जमलं. तोवर एक हप्ता अडकलेला होता.

त्यानंतर लाडकी बहीण. २०२४ च्या ऑगस्टात पहिले तीन हजार जमा झाले, तेव्हा गावातल्या कितीतरी नवऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला विचारलं, “आले का गं?” आमच्या हिनं सांगितलं, “चाकणला इचारा. मेसेज त्याला येतो.” पुढं २०२५ मध्ये तिथंही ई-केवायसी आली, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या आधारचाही ओटीपी. दोन्ही चाकणला! हिनं धाकट्याला अकरा फोन लावले. शेवटी त्याच्या खोलीतल्या मित्राला गाठून त्याला उठवलं. झोपेतच त्यानं सहा आकडे वाचले, ते आदल्या ओटीपीचे. नवा येईपर्यंत हिचा पारा चढला. म्हणाली, “नऊ म्हैनं पोटात वागवला त्याला, आन आता त्याच्याकडनंच सहा आकडं मागून घ्यायचं!”

हसू येतं, पण सगळीकडं हसण्यावारी जात नाही. आमच्या आळीतल्या एका म्हातारीचा नंबर पुतण्याचा. पैसे आल्याचा मेसेज पुतण्याला. म्हातारी सहा महिने म्हणत होती, सरकार आपल्याला विसरलं. सरकार विसरलं नव्हतं. पुतण्याला नीट आठवत होतं.

शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, आठवतंय? १९९२ साली शासनानंही बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावायचं परिपत्रक काढलं. ज्यांनी तेव्हा नाव लावलं त्यांना मी मानतो. पण मंडळी, सातबाऱ्यावर नाव असून नंबर दुसऱ्याचा असेल, तर ते नाव नुसतं भिंतीवरच्या फोटोसारखं. हार घालायला बरं, व्यवहाराला उपयोग नाही.

भाऊसाहेब, तुम्हीही हे वाचत असाल. २०२४ पासून तुम्ही तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झालात, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. अभिनंदन, पण आबा तुम्हाला भाऊसाहेबच म्हणणार. तुम्हाला एकच विनंती. पुढच्या ग्रामसभेत रस्ता-गटार झालं की दहा मिनिटं या विषयाला द्या. आधारला स्वतःचा नंबर जोडायला आधार केंद्रावर जायचं म्हटलं, तर म्हाताऱ्या माणसाला तालुक्याची एक खेप पडते. एखादा दिवस ठरवून शाळेतच केंद्रवाल्याला बोलावलं, तर निम्म्या गावाची खेप वाचेल. ई-पीक पाहणीलाही हेच. ती २०२१ च्या ऑगस्टात राज्यभर सुरू झाली. फोटो शेतात उभं राहून काढायचा, आणि चांगला फोन असलेला पोरगा पुण्याला. नोंद राहिली की नुकसानभरपाईच्या वेळी बाप कचेरीच्या पायऱ्या झिजवतो.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ च्या ऑगस्टात त्यांनी ठरवलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठपर्यंत. पोरांचा अभ्यास आणि माणसांचं बोलणं. आम्ही घरापुरतं करून बघितलं. पहिले तीन दिवस एकमेकांची तोंडं बघत बसलो. नातवानं तर विचारलं, “लाईट गेलीय का?” चौथ्या दिवशी कारभारीण बोलली, “मोटारीला नंबर हाय, मला का न्हाई?” कुणाच्याच तोंडून शब्द फुटला नाही. थोरल्यानं नखं बघायला सुरुवात केली.

आता हिला नंबर आहे, आबांनाही बटणांचा फोन आहे. सूनबाईनं दोघांना तालुक्याला नेऊन आधारला जोडून आणलं. एका दिवसाचं काम होतं. हिनं आपला नंबर शेगडीमागच्या भिंतीवर खडूनं मोठा लिहून ठेवलाय. विचारलं, तर म्हणते, “असू द्या, दिसला पायजे.”

आबांचं वेगळंच. परवा कुणा भामट्याचा फोन आला. बँकेतनं बोलतोय, कार्ड बंद होणार, ओटीपी सांगा. आबांनी त्याला थांबवलं, चष्मा आणला, मग त्याचं गाव विचारलं, भावकी विचारली, पाऊस किती झाला ते विचारलं. वीस मिनिटांनी भामट्यानंच फोन ठेवला. हे झकास झालं. पण गेल्या आठवड्यात त्यांच्याच शेतकरी ओळखपत्राचं काम काढलं, तर त्यांनी मलाही आकडे सांगितले नाहीत. सूनबाईनं मेसेज वाचून दाखवलाय म्हणे, कुणालाही सांगू नये असं त्यात लिहिलंय.

“आबा, अहो मी तुमचा मुलगा!”

“म्हणूनच,” आबा म्हणाले, आणि फोन बंडीच्या आतल्या खिशात घातला.