नऊ एकांचा वर्ग

चौकडीच्या वहीत १११११११११ ला त्याच संख्येने गुणायला घ्या. दर ओळीत नऊ एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मग उभ्या रकान्यांची बेरीज: उजव्या टोकाला १, शेजारी २, मग ३, मध्यावर ९, आणि तिथून उतरण. हातचा कुठेच येत नाही. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१, दोन्हीकडून वाचले तरी तेच. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० होतात, हातचा शिरतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे काही तरी हाती येते.

देवळालीत १९३० ते १९६२ शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटले. कल्पना सुचली ती आज डोंबिवली म्हणतात त्या डेम्लो स्थानकावर, म्हणून हे नाव. लोक त्यांना ६१७४ या त्यांच्या स्थिरांकामुळे ओळखतात. मला मात्र डेम्लो संख्या अधिक जवळच्या वाटतात, कारण त्या आत शिरायला लावतात.

वर्गाचे अवयव हवेत तर वर्गमुळाचे पाडावेत. १११११११११ मधून १११ बाहेर काढले की १००१००१ उरते. १११ म्हणजे ३ × ३७. १००१००१ ची अंकबेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो आणि राहतात ३३३६६७. इथे मी बराच वेळ थांबलो. ही मूळ संख्या आहे का?

वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे. तिथपर्यंत मूळ संख्या १०६, म्हणजे तितके भागाकार. पण ही संख्या कुठून आली ते आठवले की काम हलके होते. तिला ज्या मूळ संख्येने भाग जाईल, तिने ९९९९९९९९९ लाही जाईल, ९९९ ला मात्र जाणार नाही. म्हणजे १ ला त्या संख्येने भागले तर दशांशातले अंक बरोबर नऊ घरांनी पुन्हा येतील. हे आवर्तन नऊचे असेल तर त्या मूळ संख्येतून १ वजा करून उरणाऱ्या संख्येला ९ ने भाग गेलाच पाहिजे. ती समही असते, म्हणून १८ ने. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच: १९, ३७, ७३, १०९… शेवटची ५७७.

सतरा भागाकार हाताने करण्यात खरा आनंद आहे. १९ ने बाकी ८. १६३ ने बाकी ६, अगदी काठावर. ५२३ × ६३८ म्हणजे ३३३६७४, फक्त सातने जास्त! ५७७ ने बाकी १६१. एकानेही भाग गेला नाही, ३३३६६७ मूळच.

तेव्हा आपली सतरा अंकी संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार, विभाजक ४५. आता ती १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ अशी तोडून बेरीज करा: ९९९९९९९९९. नऊ एकांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या वर्गाला नऊ नवांनी जातो; आणि उजवीकडून नऊ अंकांवर तोडून बेरीज केली तरी नऊ नवांनी भागल्यावरची बाकी बदलत नाही.